गोजरबाईच्या वळणावरचा फ्लेक्स

५ जानेवारी, रविवार

"सोलापूर जिल्ह्यातल्या तमाम दुचाकीस्वार बंधू-भगिनींनो! रस्ता आपला, कर आपला, हाडं आपली — मग हे वळण कुणाच्या बापाचं?"

हे वाक्य मी आज कडब्याच्या गंजीत उताणा पडून म्हटलं. समोर तीन शेळ्या आणि एक म्हातारी. टाळ्या नाहीत.

मुलीला, ऋतुजाला भेटायला सांगोल्याला निघालो होतो. ती तिथे पशुधन पर्यवेक्षक आहे, खोली घेऊन एकटी राहते, मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्या फिरून शेळ्या-मेंढ्यांना लसी टोचते. नेहमीप्रमाणे जुन्या रस्त्याने गेलो — हायवेवर मला भाषण सुचत नाही. सांगोल्याच्या अलीकडे एके ठिकाणी रस्ता उजवीकडे वळतो. मी वळलो नाही. सरळ गेलो. रस्त्याकडेला दोन पुरुष उंच गंजी होती, तिच्यात शिरलो. गंजीच्या मागे दगडी बांध आहे. गंजी नसती तर ही वही आज कोरी राहिली असती.

म्हातारीचं नाव गोजरबाई. वस्ती तिची, शेळ्या तिच्या, गंजी तिची. वळणालाही लोक तिचंच नाव घेतात. तिने आधी गाडी उचलली, मग मला.

"उठा पुढारी. वर्षात तिसरं तुमी."

मी पुढारी नाही, निवृत्त ग्रंथपाल आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, पडल्या पडल्या भाषण करणारा पुढारीच असतो.

ऋतुजासाठी नेलेली शेंगाचटणी फुटली. एका शेळीने चाटली आणि बराच वेळ शिंकत राहिली.

घरी सांगितलं — रस्त्यावर खडी होती. या पानाला खरं सांगतो. खडी नव्हती. वेग साठ होता आणि माझा एकच हात हँडलवर होता. दुसरा मुद्दा मांडत होता.

६ जानेवारी, सोमवार

पूनमने शर्ट शिवायला घेतला. फक्त डाव्या बगलेत उसवलाय. "खडीनं हात एवढा वर कसा काय गेला?" एवढंच विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. पस्तीस वर्षांचा संसार!

८ जानेवारी, बुधवार

माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. गती आणि समतोल या विषयावरची पाच पुस्तकं काढली. दिवसभर वाचलं. एका पानावर आलो आणि उठून उभा राहिलो. वेगात असताना गाडी उजवीकडे वळवायची तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची, म्हणे. म्हणजे चाक क्षणभर डावीकडे! आणि गाडी उजवीकडे कलून उजवीकडे जाते!

हे मला मान्य नाही. चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून सांगत आलो की जिकडे जायचं तिकडे तोंड करा, बाकी सगळं ढोंग. आता चाकच ढोंग करायला लागलं तर माणसांकडून काय अपेक्षा ठेवायची?

ऋतुजाला फोन केला. म्हणाली, "बाबा, तुम्ही अठरा वर्षं तसंच करताय. तुम्हाला माहीत नाही एवढंच." रविवारी येऊन शिकवते म्हणाली.

मला! शिकवते!

१२ जानेवारी, रविवार

जुळे सोलापूर भागात आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी शिकवणी झाली. तिने चार विटा मांडल्या आणि त्यांच्या मधून जायला सांगितलं. मी चारही विटा पाडल्या.

"कुठं बघत होता?"

"विटांकडे. त्या चुकवायच्या ना!"

"म्हणून लागल्या. जिकडं डोळे, तिकडं गाडी."

मी तिला थांबवून दृष्टी आणि ध्येय या विषयावर थोडं बोललो. पूनम गच्चीवरून सांगते की चाळीस मिनिटं बोललो. तेवढ्यात ऋतुजाने गाडीवर बसून अख्खी कडक भाकरी संपवली. मग हात झटकून म्हणाली, "झालं? आता परत."

तिने सांगितलेलं जसंच्या तसं उतरवतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, गियरही आधीच उतरवायचा. वळणात ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा. खांदे सैल. आपली बाजू सोडायची नाही — समोरून उसाचा ट्रॅक्टर येणारच आहे असं धरून चालायचं. आणि नजर? वळणात रस्ता जिथे दिसायचा बंद होतो, तिथे. ती जागा आपल्यापुढे पळत असेल तर आपलं बरोबर चाललंय. ती जवळ जवळ येत असेल तर वेग जास्त आहे.

शेवटी विटांकडे न बघता गेलो. एकही पडली नाही. उजवी मूठ ढकलली आणि गाडी खरंच उजवीकडे गेली. चिडलो. पण गेली.

ऋतुजा रोज त्या गोजरबाईच्या वळणावरून दोनदा जाते. हे मला आज कळलं. सहज बोलता बोलता सांगितलं तिने.

१५ जानेवारी, बुधवार

गड्ड्याच्या जत्रेत पूनमला घेऊन गेलो. मौत का कुआँ पाहिला. पोरगा उभ्या फळ्यांवर मोटरसायकल फिरवतो, वरून हजार माणसं ओरडतात. खेळ संपल्यावर त्याला गाठून विचारलं, तू बघतोस कुठं?

"अगली फळी, चाचा. लोगां को देखे तो गए."

हजार श्रोते आणि हा माणूस त्यांच्याकडे बघत नाही! मला हे जमणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

निर्णय घेतला. माझी मुलगी ज्या वळणावरून जाते ते वळण जागं झालं पाहिजे. वळणाजवळच्या वाडीवर सभा घेतली. साठ माणसं आली. दीड तास बोललो. उपसरपंच मानसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून कळलं, त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे.

तो म्हणाला, "सायेब, हितं बोर्ड लावला तर कुत्रं बी बघत न्हाय. फ्लेक्स लावू. तुमचा फोटो टाकू, मंग बघा."

मी होकार दिला. मथळा माझाच: इकडे लक्ष द्या!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर वळणावर फ्लेक्सचं उद्घाटन. काय सांगू! वळणाच्या तोंडासमोर, गंजीच्या मागे, बांधावर बांबू रोवून बारा बाय आठ फुटांचा मी! हात उगारलेला, बोट रोखलेलं, डोळ्यांत आग. वर लाल अक्षरात 'इकडे लक्ष द्या!' त्याखाली 'धोक्याचे वळण, सावकाश जा' — हे जरा बारीक झालं, कारण जागा उरली नाही. खाली शुभेच्छुक. बावीस फोटो.

अपघाताच्या इशाऱ्याला शुभेच्छुक कशाला, असं मी मानसिंगला विचारलं. तो माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी लग्नपत्रिकेवर नवरदेवाचं नाव कशाला म्हणतोय.

एक बारीकशी गोष्ट. शुभेच्छुकांना जागा करायला त्याने फोटो उलटा केला. त्यामुळे मी डावखुरा झालो आणि बोट रस्त्याऐवजी गंजीकडे गेलं. कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणाला.

भाषणात मी ऐन मुद्द्यावर आलो होतो — "क्षणभराची नजर!" — आणि त्याच वेळी गुंडा नावाचा दूधवाला दोन्ही किटल्यांसकट समोरून आला, फ्लेक्सकडे बघत बघत सरळ गंजीत गेला. आणि प्रचंड टाळ्या! लोकांना ते प्रात्यक्षिक वाटलं.

मी भाषण तसंच पुढे नेलं. गुंडाला व्यासपीठावर बोलावून त्याला नारळ दिला. त्याने तो कपाळाला लावून घेतला. बावीस शुभेच्छुकांत एक तो होता.

३० जानेवारी, गुरुवार

मानसिंगचा फोन. चार दिवसांत पाच जण गंजीत. एकालाही मोठं लागलं नाही. लोक लांबून लांबून फ्लेक्स वाचायला येतायत, म्हणाला. जनजागृती वाढते आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरा.

आज गोजरबाईने नातवाच्या फोनवरून फोन लावला. तिची तक्रार कुणी पडतं ही नाही. तक्रार अशी की गंजी तिच्या शेळ्यांची वैरण आहे. शेळ्या रोज खाणार. दोन पुरुष होती ती छातीएवढी झाली. शिवरात्रीपर्यंत संपेल. "मंग मागं दगुड हाय, पुढारी. त्याला मी काय करू? शेळ्यांस्नी उपाशी ठेवू?"

मी हादरलो. मग ताबडतोब आंदोलनाची रूपरेषा लिहायला बसलो. मागणी एकच — सदर वळणावर शासनाने बारमाही कडबा पुरवावा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रस्त्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, रस्ता आमचा, कडबा आमचा नाही. कडबा म्हणजे पशुसंवर्धन. तिथे गेलो. तिथले म्हणाले, कडबा आमचा, पण अपघात आमचा नाही. मी टेबलावर हात आपटून घटनेतला जगण्याचा हक्क सांगितला. अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. अर्ज घेतला, शिक्का मारला, स्थळपाहणीसाठी पुढे पाठवला. विजय!

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज परत आला. शेरा: 'स्थळपाहणी केली. अर्जदाराकडे एकही शेळी नाही. शिफारस करता येत नाही.'

खाली सही — ऋतुजा मृत्युंजय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती स्वतः आली. सुट्टी टाकून. चहा झाला, मग पूनम आत गेली. मुद्दाम गेली.

सही केल्याबद्दल मी बोलायला सुरुवात केली. तिने मध्येच तोडलं.

"बाबा, लोक वळणामुळं पडत नाहीत. तुमच्यामुळं पडतात. तो फ्लेक्स वाचत येतात. आणि तुमचं बोट दगडाकडं."

मी म्हटलं, तू कशी पडत नाहीस मग?

"मी तुमच्याकडं बघतच नाही."

सहज म्हणाली. कप उचलून आत घेऊन गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाक्य बरोबर आहे. मी तपासलं. त्यात काही चूक नाही.

लागलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुरावा पाहिजे म्हणून स्वतः गेलो. आधीच गियर उतरवला. वेग चाळीस. खांदे सैल. नजर रस्त्याच्या टोकाला — सगळं नियमाप्रमाणे! वळणाला लागलो. मग फक्त एवढंच पाहायचं होतं की तो उलटा फोटो खरंच वाईट दिसतो का. वाईट दिसत नव्हता. मी माझ्या डोळ्यांत डोळे घालून माझ्याकडे येत होतो, आणि खरं सांगतो, त्या माणसाचं ऐकावंसं वाटत होतं.

गंजी आता गुडघ्याएवढी. हेल्मेट बांधापासून वीतभर अंतरावर थांबलं.

गोजरबाई बांधावर बसली होती. या खेपेला उठली नाही.

"काय दिसलं?"

"मी."

"समद्यांस्नी तुमीच दिसताय," ती म्हणाली. "त्येच तर मी रोज बगत हुते."

वाडीत उद्या सभा लावली. फ्लेक्स उतरवायचा. मीच पटवून देणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. अहंकार, प्रतिमा, समूहाची नजर — सगळं मांडलं. स्वतःच्या फोटोविरुद्ध इतकं कुणी बोललं नसेल. बायका रडल्या. एका शुभेच्छुकाने उठून माझे पाय धरले. शेवटी मानसिंग माइकवर आला. "एवडा मोटा मानूस, आन म्हनतो माजा फोटो काडा!" एकमताने ठराव झाला.

ठराव असा: साहेबांच्या या मोठेपणाबद्दल आभाराचा फ्लेक्स वळणाच्या दुसऱ्या अंगाला लावावा. पंधरा बाय दहा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर काही बोललो नाही. पूनमने दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी विळा घेऊन गेलो. वळणाच्या बऱ्याच आधी गाडी लावली आणि चालत गेलो, म्हणजे बघायची मुभा. गोजरबाईने शिडी धरली. एकेक सुतळी कापली. मी खाली आलो, म्हणजे फ्लेक्स खाली आला. तेवढ्यात रस्त्याने दोन मोटरसायकली गेल्या, दोघंही सावकाश, नीट वळून. कुणाचंच लक्ष नव्हतं आमच्याकडे.

कापड वाया कशाला घालवायचं, म्हणून बाईंनी कडब्याच्या उरलेल्या चार पेंड्यांवर ते अंथरलं. दवानं भिजतात म्हणे.

"तोंड वर करू का खाली?"

"खाली."

चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. नुसता पांढरा चौकोन. मग तिने चहा दिला. शेळीच्या दुधाचा, लई गोड. दोघंही गप्प बसलो होतो. मला ते इतका वेळ जमलं!

दुपारी मानसिंगचा फोन. "सायेब, वाऱ्यानं फ्लेक्स गेला. काळजी करू नका, तो बी करतो आन आभाराचा बी. दोन्ही संगटच लावू."

मी म्हटलं, "नको."

तो थांबून राहिला. पुढचं वाक्य येईल म्हणून. आलं नाही. माझ्या हयातीतलं सगळ्यात छोटं भाषण — आणि हेच लागू पडलं. "बरं," म्हणाला. आवाजात भीती होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवसांत वळणावर एकही पडला नाही. गोजरबाईने मुद्दाम कळवलं.

आनंद झाला पाहिजे. झालाय. ऋतुजाला मात्र कळवलं नाही. ती बघतच नाही तर तिला काय कळणार, फ्लेक्स आहे की गेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साडेदहा वाजता ऋतुजाचा फोन. पडली. गोजरबाईच्या वळणावर.

चार दिवस ती बार्शीला प्रशिक्षणाला गेली होती, आज पहिल्यांदा त्या रस्त्याने परत येत होती. पेंड्यांवरच पडली, बांध लागला नाही. डावं मनगट सुजलंय, गाडी चालवता येणार नाही. "न्यायला या," म्हणाली. मी विचारलं, तू कशी पडलीस गं? तू!

थोडा वेळ नुसत्या शेळ्या ऐकू येत होत्या.

"तुम्ही कुठं गेलात ते बघत होते, बाबा."

म्हणजे रोज बघत होती. रोज दोनदा, जाता-येता — आणि तरी वळत होती.

पूनम पाण्याची बाटली भरते आहे, तेवढ्यात हे लिहितो. ऋतुजा तिथेच बसली आहे. वळणाच्या तोंडासमोर, त्या पांढऱ्या चौकोनावर, जिथे मी होतो. मी दिसताच हात हलवेल. न हलवून राहणारच नाही.

मृत्युंजय, वळणाआधी गियर उतरव. दोन्ही हात हँडलवर ठेव. आणि तिच्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ.